दोरीबाहेरचा वस्ताद

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९

अनवाणी! सरळ अनवाणी शिरला मातीत, हातात काठीला अडकवलेला मोबाईल, आणि कोणी हूं का चूं केलं नाही!

पंधरा वर्षं मी पेपरात कुस्त्या लिहिते आहे, आणि पंधरा वर्षं दोरीच्या बाहेर उभी आहे. आज सावंगीच्या पलीकडं दंगल होती, प्लॉटिंगसाठी सपाट केलेल्या जागेत. पुढच्या वर्षी तिथं रो-हाऊस उभी असतील. मी नेहमीसारखी दोरीला टेकून, पैलवानांनी उधळलेली माती ओढणीवर झेलत. पंच कडुबा वस्ताद. माणूस वाईट नाही. मला खुर्ची देतात, पाण्याचं विचारतात. पण खूप वर्षांपूर्वी एकदा, पैलवानाचं नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून मी दोरीखालून वाकून आत गेले, तर हात आडवा – "ताई, मातीला बाईमाणसाचा पाय नको. तुमी तिथूनच लिवा."

तिथूनच लिहिते आहे.

आणि हा अंगद! बाप अजून मेंढरं राखतो. दोन-तीन वर्षांमागं हाच माझ्या शेजारी उभा राहून विचारायचा, "ताई, ह्या डावाला काय म्हणत्यात?" मी सांगायची. मूर्ख मी! आता त्याचं फेसबुकवर पान आहे – ‘अंगदचं मैदान’. पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो तिथपासून सगळं लाईव्ह. कोपऱ्यात डोळ्याचं चित्र आणि त्यापुढं बघणाऱ्यांचा आकडा. आज तीन हजार! मी कुस्ती बघायची सोडून तो आकडाच बघत होते.

बुधवार, १३ फेब्रुवारी

माझी बातमी चार ओळी. खाली प्लॉटची जाहिरात, बातमीच्या तिप्पट.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मीटिंग. निवडणुकीमुळं क्रीडा पान अर्धं झालं. ते परत पूर्ण होणार नाही, हे विश्वजित सरांनी न बोलता सांगितलं. (संपादक. माझ्याहून लहान, पण सर.) पेपर आता वेबसाईटवर खेळ लाईव्ह दाखवणार. त्यासाठी एकच माणूस. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हंगाम संपेल तेव्हा ठरवतील. उरलेल्यांनी "दुसरं काहीतरी बघावं."

उरलेल्यांनी म्हणजे कोणी? खेळाला आहेच कोण माझ्याशिवाय?

मग म्हणाले, "तो अंगद बघ. तसं पाहिजे आपल्याला. तसं नाही जमलं तर तोच पाहिजे." आणि हसले. मीपण हसले. घरी येईपर्यंत जबडा दुखत होता.

शनिवार, २३ फेब्रुवारी

लाईव्ह केलं. देवा!

मोबाईल उभा धरायचा की आडवा यातच पहिली कुस्ती संपली. आवाज असा की शाळेतल्या बाई हजेरी घेतायत. दोरीबाहेरून काय दिसणार – पंचांची पाठ, हलगीवाल्याचं डोकं, परत पंचांची पाठ. लोक लिहीत होते, "ताई, जरा जोरात", "मॅडम, आत जाऊन दाखवा ना". आत जाऊन! शेवटी नऊजण उरले. त्यातला एक केशव, वाळूजहून, कंपनीत काम करता करता. नवराच तो, जाईल कुठं?

तिकडं अंगद मातीत उकिडवा बसून ओरडत होता, "बघा बघा बघा, आता गडी उचलतो का नाय बघा!" यात काय सांगितलं? काहीच नाही. पण मलासुद्धा बघावंसं वाटलं, आणि मी तर समोरच उभी होते!

सोमवार, ४ मार्च

महाशिवरात्र. वेरूळच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची ही गर्दी, एसटीत उभ्यानं गेले. दंगल त्याच्या पुढच्या गावात. उपास, वर ऊन.

अंगद ओरडला, "ढाक मारली, ढाक!" कसली ढाक? गड्याला खांद्यावर आडवा घेऊन मागं टाकला. कलाजंग! मी एवढा घसा कोरडा करून ह्याला शिकवलं, आणि हा चार हजार लोकांना ढाक सांगतोय! आणि चार हजार लोक अंगठे दाखवतायत!

काय झालं मला कोण जाणे. तिथंच, दोरीपाशी उभ्या उभ्या, नवीन खातं उघडलं. नाव टाकलं ‘जुना पैलवान’. फोटो मारुतीचा. आणि त्याच्या लाईव्हखाली लिहिलं – "ढाक नव्हे रे, कलाजंग. डोळे कुठं ठेवलेस?"

वाटलं चारचौघांत तोंडावर पडेल. तर हा मोठ्यानं वाचायला लागला! "जुना पैलवान म्हणत्यात, कलाजंग! बराबर! चुकलं, माफी असावी वस्ताद!" मग पुढच्या कुस्तीत मी परत लिहिलं. आणि परत. तो प्रत्येक वेळी वाचायचा. मी खाली मान घालून टाईप करत राहिले आणि पेपरची टिपणं घ्यायची राहून गेली.

मंगळवार, ५ मार्च

केशव जेवताना कालचं लाईव्ह लावून बसला. "हा वस्ताद कोण आहे गं? काय नजर आहे! डाव लागायच्या आत सांगतो. नक्की कान मोडलेला म्हातारा असणार, कोल्हापूर करून आलेला."

मी म्हटलं, "असेल."

माझी बातमी त्यानं शेवटची कधी वाचली होती, आठवत नाही. म्हाताऱ्याचं मात्र कौतुक! आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. मी दिलं नाही.

रविवार, १७ मार्च

दंगलीनंतर रसवंतीवर अंगद भेटला. बर्फ नव्हता, पाणी नाही तर बर्फ कुठला! "ताई, रस घ्या की" म्हणून स्वतःच ग्लास आणून दिला. पोरं त्याच्यासोबत फोटो काढायला थांबलेली. एकानं मला ढकललं आणि म्हणाला, "काकू, जरा सरका ना फ्रेममधून."

काकू!

अंगदनं त्याला झापलं. तेही मला आवडलं नाही. ह्यानं माझी बाजू घ्यावी, इतकी वेळ आली का माझ्यावर?

बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं उतरलाय म्हणाला, इकडं चारा नाही. दिवसभर बोलून त्याचा घसा बसला होता. मी विचारलं, एवढा ओरडतोस कशाला? तर म्हणाला, "ओरडावंच लागतं ताई. लाईव्ह मागं मागं येतं, नेट नाय ना. इथं हलगी थांबती, गडी उठून अंगावरची माती झाडतो, तरी लोकांच्या मोबाईलमधी कुस्ती चालूच असती. वीसेक सेकंद तरी. तवर त्यांना धरून ठेवायचं म्हंजे तोंड चालू पाहिजे." मग एकदम माझ्याकडं बघून, "ताई, ह्यो वस्ताद कोण असंल हो? तुमाला काय वाटतं?"

"असेल कोणीतरी रिकामटेकडा."

हसला. "लई जीव हाय त्याचा मातीवर, एवढं खरं."

बुधवार, २७ मार्च

विश्वजित सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं लाईव्हचं ठरलं. तर मोबाईल पुढं केला – "हा जुना पैलवान कोण? लोक अंगदसाठी येतात आणि ह्याच्यासाठी थांबतात. कॉमेंट वाच. शोधून काढ त्याला, कालिंदी. तुझ्या ओळखी आहेत. अंगदचा आवाज आणि ह्याची नजर – दोघं मिळाले तर मजा येईल."

"आणि मी?"

म्हणाले, "तू शोध तर आधी."

सांगून टाकायचं होतं तिथंच. ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? की सर, मारुतीचा फोटो लावून मीच त्याच्यावर टोमणे मारते? तेही ऑफिसच्या वेळेत?

शनिवार, ६ एप्रिल

पाडवा. नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही आजच. पुंडलिकनगरात गुढ्या कमी आणि पाण्याच्या मोटारींचे आवाज जास्त. भरून भरून पाठ मोडली.

जुन्या पैलवानाला पाडव्याच्या शुभेच्छा – शेकड्यांनी! "वस्ताद, पाया पडतो." "वस्ताद, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." मला कोणाकोणाच्या आल्या? बहिणीची. विम्यावाल्याची.

आधी एका अंगदवर जळत होते. आता त्या मेल्या म्हाताऱ्यावर पण जळते! माझंच डोकं, माझेच डोळे, माझीच बोटं. नमस्कार मात्र त्याला.

शुक्रवार, १९ एप्रिल

हनुमान जयंती. हंगामातली सगळ्यात मोठी दंगल. सगळं लिहून ठेवते.

गावात टँकर आला तेव्हाच भांडण. मातीवर पाणी मारायचं की नाही? तालमीतली पोरं म्हणत होती अर्धा टँकर पाहिजे, माती बसली नाही तर डोळ्यांत जाते. बायका घागरी घेऊन टँकरपुढं आडव्या उभ्या. एकजण म्हणाली, "आमी प्यायचं नाय आन् तुमी माती पाजता व्हय?" कडुबा वस्तादांनी निकाल दिला – "बायांचं बराबर हाय. गडी धुळीत खेळतील." बरोबरच केलं त्यांनी. पण मग धुरळा असा की पहिल्या कुस्तीपासून काही दिसेना.

शेवटची कुस्ती बिभीषणची. त्याच गावचा मुलगा, समोर बाहेरून आणलेला नावाजलेला गडी. दहा मिनिटं नुसती खडाखडी. मग बिभीषणनं खाली घेऊन कब्जा मिळवला, उताणा पाडायला मागून घिस्सा लावला, आणि दोघं धुरळ्यात गुडुप. हलगी थांबली. कडुबांनी बिभीषणचा हात वर केला.

अंगद पलीकडच्या बाजूला होता. त्याच्या आणि कुस्तीच्या मधे कडुबांची पाठ. माझ्या बाजूनं मात्र दिसलं. स्वच्छ दिसलं. पाव्हण्या गड्याची पाठ लागली होती. दोन्ही खांदे मातीला, पापणी लवण्याइतकाच वेळ, पण लागले होते.

अंगद मोबाईलमध्ये ओरडत होता, "धुरळ्यात मला दिसलं नाय राव! वस्ताद, पाठ लागली का? सांगा वस्ताद!"

नऊ हजारांवर होता आकडा.

मी लिहिलं – "पाठ नाही लागली. एकच खांदा टेकला. निकाल चुकीचा."

का लिहिलं? त्या नऊ हजारांमुळं. ‘काकू’मुळं. अनवाणी शिरला त्यामुळं. एकदा तरी त्यानं आपटावं, सगळ्यांनी बघावं, म्हणून.

त्यानं वाचलं. मग म्हणाला, "वस्ताद म्हणत्यात पाठ नाय लागली! निकाल चुकला!" दोरीभोवती शंभरेक जण मोबाईलवर तेच ऐकत उभे होते. पाव्हण्या गड्याची माणसं दोरी तोडून आत घुसली. गावची पोरं त्यांच्यावर. बिभीषणला खांद्यावर घेतलेलं, तो खाली पडला. कोणीतरी अंगदचा मोबाईल हिसकावून मातीत आपटला आणि वर पाय दिला. लाईव्ह तिथंच बंद.

मी दोरीबाहेर उभी होते. मला धक्कासुद्धा लागला नाही.

शनिवार, २० एप्रिल

माझी बातमी अर्धं पान. फोटोग्राफरला माझ्याच बाजूनं फोटो मिळाला – दोन्ही खांदे मातीला. मथळा सरांनी स्वतः दिला. "बिभीषणचा निर्विवाद विजय, लाईव्हच्या घाईने गोंधळ." वर माझं नाव, ठळक.

सकाळपासून फोन. पंधरा वर्षांत आले नसतील एवढे.

रविवार, २१ एप्रिल

अंगदनं कोणाचा तरी मोबाईल मागून पानावर व्हिडिओ टाकला. भुवईवर पट्टी. "चूक माझी. बिभीषणभाऊची मी हात जोडून माफी मागतो. वस्तादांना कोणी काय बोलू नका, आवाज माझा व्हता." एवढंच. खाली शिव्या – बापावर, मेंढरांवर, जातीवर. मी सगळ्या वाचल्या. वाचताना बरं वाटेल असं वाटलं होतं.

केशव म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं पोराला तोंडघशी पाडलं. आणि आता स्वतः गप्प." जुन्या पैलवानाचं खातं मी उघडलेलंच नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

मिळाली. लाईव्हची जागा मला मिळाली! विश्वजित सर म्हणाले, "विश्वास महत्त्वाचा, कालिंदी. आवाज काय, शिकवू." उस्मानपुऱ्यातून पेढे घेऊन गेले, ऑफिसात वाटले. सगळ्यांनी हात मिळवले.

मी एकही खाल्ला नाही. ॲसिडिटी.

सोमवार, २९ एप्रिल

मेला अंगद गप्प बसत नाही! आज परत व्हिडिओ. अक्षय्य तृतीयेच्या दंगलीत हंगाम संपायच्या आधी जुन्या पैलवानाला फेटा बांधणार म्हणे. आखाड्याच्या मधोमध, कडुबा वस्तादांच्या हातून. "वस्ताद, जिथं असाल तिथून या. एका चुकीनं माणूस लहान होत नाय."

बघणारे किती? तीनशे-चारशे. आधीचे हजारो गेले कुठं? शिव्या देऊन पुढं गेले. तरी हा तसाच बोलतो, जसा तीन हजारांपुढं बोलायचा. कसं जमतं ह्याला? हे का नाही मला जमत? जागा माझ्याकडं, पान माझ्याकडं, आणि हेवा अजून त्याचाच!

जाणार नाही. कोण जाणार? मारुतीचा फोटो?

सोमवार, ६ मे

अंगदचा फोन. मला वाटलं लाईव्हच्या जागेवरून काही बोलेल. तर म्हणाला, "ताई, उद्याच्यासाठी फेटा घ्यायला गुलमंडीत आलोय. भगवा घेऊ का गुलाबी?"

मी विचारलं, मला का विचारतोस?

"मंग कोणाला इचारू? वेरूळच्या दिवशीच कळलं व्हतं मला. लाईव्ह मागं असतं, ताई. लोकांच्या मोबाईलमधी गडी अजून उभा असायचा, आन् वस्ताद पडल्याचं लिवायचे. म्हंजे वस्ताद दोरीलाच उभे. मान खाली घालून टाईप करणारं तिथं दुसरं कोण व्हतं? तुमी नाय आल्या तर वस्तादबी नाय यायचे."

मीच हनुमान जयंतीचं काढलं. म्हटलं, त्या दिवशी...

"सोडा की ताई ते! धुरळा केवढा व्हता. तुमालाबी तसंच दिसलं असंल. पेपरला रात्र असती, फोटो बघून नीट करता येतं, लाईव्हला कुठं? आन् खरं सांगू? दुसऱ्या कोणी लिवलं असतं तर मी बोललोच नसतो, आधी पंचांना इचारलं असतं. तुमी व्हता, म्हणून बोललो."

कडुबा वस्तादांनाही त्यानं सांगितलंय. ते म्हणाले, "येऊ दे मातीत. चपला तेवढ्या बाहेर काढाय सांग."

दुकानदार घाई करत होता. मी गुलाबी म्हटलं.